बर्फाखालची गोधडी

गेल्या वर्षी जुलैमधल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या भर हिवाळ्यातल्या, एका शनिवारी सकाळी, वेरिबीतल्या आमच्या घराच्या बॅकयार्डमध्ये बर्फाखाली गोधडी सापडली. गोधडीखाली गरम पाण्याची रबरी पिशवी होती आणि तिच्यातलं पाणी अजून कोमट होतं. पिशवीखाली माती होती आणि मातीत पिओनीची तीन झाडं होती. बर्फ माझ्या नवऱ्याने टाकला होता. गोधडी त्याच्या आईने घातली होती. बर्फाचं आईला माहीत नव्हतं आणि गोधडीचं मुलाला.

पिओनी हे थंड मुलखातलं बहुवर्षायू फुलझाड आहे. फूल वाटीएवढं, काही जातींत ताटलीएवढंही होतं. हिवाळ्यात झाडाचा जमिनीवरचा सगळा भाग वाळून जातो. काड्या कापून टाकल्या की वर दिसायला काहीच उरत नाही. नीट वाकून पाहिलं तर मातीशी टेकलेले लालसर कोंब तेवढे दिसतात. झाड खाली जिवंत असतं आणि त्याला त्या काळात भरपूर थंडी लागते. थंडी कमी पडली तर वसंतात पानं येतात, फूल येत नाही. वेरिबीत थंडी पडते, पण पिओनीला पुरेल एवढी पडेलच असं नाही. शिवाय आमच्या वसाहतीत घरांच्या भिंती एकमेकींना इतक्या जवळ आहेत की गार वाराही विचारून आत येतो.

ही झाडं बियांपासून वाढवलेली होती. डँडेनॉन्गच्या डोंगरात एका म्हाताऱ्या बाईंनी आपली बाग लोकांना पाहायला खुली ठेवली होती. तिथे नवऱ्याने पिओनी पहिल्यांदा पाहिली आणि मूठभर काळ्या बिया मागून आणल्या. बाईंनी त्याला बजावलं होतं की पहिल्या हिवाळ्यात फक्त मूळ फुटेल, दुसऱ्या हिवाळ्यानंतर पान दिसेल आणि फुलाचं विचाराल तर पाच वर्षं काही विचारू नका. नवरा आयटीत आहे. मोठ्या कंपन्यांची बंद पडलेली सर्व्हर यंत्रणा पुन्हा चालू करणं हे त्याचं काम. तिथे पाच मिनिटं उशीर झाला तरी लोक ओरडतात. पाच वर्षं कोणी ओरडणार नाही अशी गोष्ट त्याला त्या दिवशी प्रथमच भेटली.

बिया ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी राहिल्या, मग कुंडीत, मग वाफ्यात. मूठभरातली तीन झाडं उरली. गेल्या वर्षी सहावं वर्ष चालू होतं आणि फूल आलेलं नव्हतं.

वाफा होता त्या कोपऱ्यात मला शेड हवी होती. गॅरेज खोक्यांनी भरलं होतं, गाडी रस्त्यावर उभी राहत होती आणि शेडसाठी जरा मोठी सपाट जागा तेवढीच होती. यावर घरात बरीच चर्चा झाली आणि शेवटी तोंडी करार झाला: ऑक्टोबर संपेपर्यंत एक तरी फूल आलं तर वाफा राहील. नाही आलं तर तिथे काँक्रीटचा स्लॅब पडेल. झाडं हलवायचा प्रश्न नव्हता. पिओनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे इथल्या वसंतात, उपटली तर बहुधा मरते आणि जगली तर अनेक वर्षं रुसून बसते. काँक्रीटवाल्याकडे रांग होती, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीची वेळ मी मे महिन्यातच घेऊन ठेवली.

जूनपासून नवऱ्याने बर्फ सुरू केला. उबदार गावांतले काही हौशी लोक पिओनीच्या मुळांवर बर्फ टाकतात, असं त्याने वाचलं होतं. सर्व्होवरून, म्हणजे पेट्रोल पंपावरून, तो बर्फाच्या पिशव्या आणायचा, गॅरेजमधल्या डीप फ्रीझरमध्ये भरायचा आणि पहाटे कामाला निघण्याआधी बादलीभर बर्फ वाफ्यावर ओतायचा. तिथल्या मुलाने एकदा त्याला विचारलं की भर हिवाळ्यात एवढ्या पार्ट्या कुठे असतात. नवरा म्हणाला, "मुळांसाठी नेतोय."

त्याच महिन्यात सासूबाई आल्या. त्या निगडीला एका सूतिकागृहात नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पहाटे पाचला उठायची सवय सुटलेली नाही. आल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी वाफ्यावर दहिवर गोठलेलं पाहिलं, वाकून ते लाल कोंब पाहिले आणि घरात येऊन मला विचारलं, "अगं, ह्या उघड्यावरच असतात?"

मी हो म्हटलं.

"आणि ह्या पोराला काही वाटत नाही? तिकडे म्हशीवरसुद्धा पोतं टाकतात."

नवऱ्याने वाफ्याला कोणीही हात लावायचा नाही असं घरात सांगून ठेवलं होतं. सासूबाईंनी हात लावला नाही. त्यांनी गोधडी घातली. संध्याकाळी अंधार पडायच्या आत त्या वाफ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायच्या, वर आपल्या जुन्या साड्यांची गोधडी पसरायच्या आणि पहाटे उठल्यावर दोन्ही उचलून लाँड्रीत वाळत टाकायच्या. त्यांचं निदान असं होतं की झाड नुकतंच मोकळं झालं आहे, अंगात त्राण नाही आणि अशा वेळी थंडी बाधली की ती जन्माची. बाळंतिणीला जे करतात ते सगळं त्यांनी पिओनीला केलं. दुपारी घरात कोणी नसताना त्या बार्बेक्यूचे दोन-तीन निखारे पत्र्याच्या जुन्या बेकिंग ट्रेमध्ये घेऊन वाफ्याला ओव्याची धुरीही द्यायच्या.

दोघांचं वेळापत्रक एकमेकांना कधी आडवं गेलं नाही. गोधडी निघाल्यावर बर्फ पडायचा. बर्फ विरघळल्यावर धुरी व्हायची. पहाटे बादलीचा खडखडाट ऐकू यायचा, पण तो रिसायकलिंगच्या बाटल्यांचा आहे असं सासूबाईंना वाटायचं. संध्याकाळी बॅकयार्डमधून ओव्याचा वास यायचा, पण आई आली म्हणजे घराला ओव्याचा वास येणारच, असं नवऱ्याला वाटायचं.

मला दोघांनीही सांगितलं होतं. नवरा म्हणाला होता, "आईला बर्फाचं बोलू नकोस, उगाच घसा-घसा करत बसेल." सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्याला सांगू नकोस हं, त्याला वाटतं त्यालाच सगळं कळतं." पुण्यात मी ज्या वर्तमानपत्रात होते तिथे एका माणसाने विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, असा नियम होता. दुसरा माणूस त्याच घरात राहत असेल तर काय करायचं, याबद्दल नियम नव्हता.

जुलैच्या सुरुवातीला नवऱ्याने मातीत खुपसायचा थर्मामीटर आणला. तो मोबाइलला जोडलेला होता. पहिल्याच आठवड्यात त्याला असं दिसलं की सूर्य मावळल्यावर आमच्या बॅकयार्डमधली माती तापते.

"हे शक्य नाही," तो जेवताना म्हणाला. "सगळ्या जगाची माती रात्री गार होते."

"मग?" मी विचारलं.

"खाली गरम पाण्याचा पाइप फुटलाय. दुसरं काही असूच शकत नाही."

"आंघोळीला पाणी गरम येतंय की," सासूबाई म्हणाल्या आणि त्याला आणखी आमटी वाढली.

"आजी, हे अंडरग्राउंड असतं," आमची मुलगी म्हणाली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. "यू कान्ट सी इट."

प्लंबर आला. त्याने एक कर्णा जमिनीला लावून बराच वेळ ऐकलं. मग घराचा नकाशा मागितला आणि सांगितलं की या कोपऱ्यात गरम पाण्याचाच काय, कुठलाच पाइप नाही. सासूबाईंनी त्याला आल्याचा चहा दिला. वाफ्याच्या कडेला उभा राहून तो चहा पीत असताना त्याने सहज विचारलं की इथे कशाचा तरी छान वास येतोय, तो कशाचा. नवरा म्हणाला, "चहाचा."

यानंतरच्या शनिवारी सासूबाईंना पहाटे जाग आली नाही. आदल्या संध्याकाळी सर्दीची गोळी घेतली होती. नवरा नेहमीप्रमाणे अंधारात बाहेर गेला, बादली ओतली आणि आत येऊन कॉफी करत बसला. उजाडल्यावर त्याला खिडकीतून बर्फाच्या ढिगाला इरकल साडीचा काठ दिसला.

सासूबाई शाल गुंडाळून बाहेर आल्या तेव्हा तो गोधडीचं एक टोक धरून उभा होता.

"आई, हे काय आहे?"

"गोधडी आहे. तू हिच्यातच वाढलास." मग त्यांनी खाली पाहिलं. "आणि हे काय?"

"बर्फ."

"कुणी टाकला?"

"मी."

"उघड्या जिवावर बर्फ? अरे, माणूस आहेस का कोण आहेस!"

"आई, त्याला थंडीच लागते. थंडी मिळाली नाही तर फूल येत नाही."

"कुणी सांगितलं? मोबाइलने? माझ्या हाताखालून अर्धी निगडी जन्माला आली. एकीलासुद्धा बर्फावर झोपवली नाही."

"ते झाड आहे, आई!"

"तूही झाडच होतास. पाच महिने झाले तरी मान धरली नव्हतीस. शेकून शेकून उभा केलाय तुला."

"म्हणजे रोज रात्री तू... म्हणजे तो पाइप..." नवऱ्याने थर्मामीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला माहीत होतं?"

"दोन्ही बाजू माहीत होत्या," मी म्हटलं.

"आणि बोलली नाहीस!"

"तिला कशाला मध्ये ओढतोस?" सासूबाई म्हणाल्या. "बोलली असती तर चुगली केलीस म्हणाला असतास."

या वेळी कुंपणापलीकडून शेजारी बोलले. ते सत्तरीचे ऑस्ट्रेलियन गृहस्थ आहेत, एकटे राहतात. जूनपासून आमचं सगळं पाहत होते. सकाळी घरातला पुरुष थंड काहीतरी अर्पण करतो, दुपारी घरातली वडीलधारी स्त्री धूप दाखवते आणि संध्याकाळी वस्त्र पांघरते, असा त्यांचा समज झाला होता. धूर दिसला की ते आपला लीफ ब्लोअर, म्हणजे पाचोळा उडवायचं यंत्र, बंद करायचे. समोरच्या दोन घरांनाही त्यांनी तसं सांगून ठेवलं होतं. आज आवाज चढलेले ऐकून ते काळजीत पडले होते.

"सगळं ठीक आहे ना, मेट? विधीत काही चुकलं का?"

नवऱ्याने त्यांना सांगितलं की हा विधी नाही, हे फुलझाड आहे.

"हो, हो," शेजारी म्हणाले. "अर्थातच." आणि टोपी काढून आत गेले.

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर वाटणी झाली. झाडं तीन, बाजू दोन. नळाजवळचं झाड नवऱ्याचं. त्याला फक्त बर्फ. कुंपणाकडचं झाड सासूबाईंचं. त्याला शेक, धुरी आणि गोधडी. गोधडीच्या दोन घड्या करून ती एकाच झाडापुरती केली. मधल्या झाडाच्या बाबतीत 'जैसे थे' ठेवायचं ठरलं. जैसे थे म्हणजे नेमकं काय, यावरही वाद झाला, कारण आतापर्यंत त्याला दोन्ही मिळत होतं. शेवटी त्याला काहीच द्यायचं नाही असं ठरलं. सासूबाईंना ते पटलं नाही. त्या येता-जाता त्याच्याकडे बघून "बिचारं" म्हणायच्या.

ऑगस्ट या व्यवस्थेत गेला. नवऱ्याने प्रत्येक झाडाला वेगळा थर्मामीटर लावला. नळाजवळचं गार, मधलं मध्यम, कुंपणाकडचं उबदार असायला हवं होतं. पण कुंपणाकडचं झाड सर्वांत गार निघालं. नवऱ्याने थर्मामीटर बदलून पाहिले. मग तो आईवर संशय घेऊन म्हणाला, "तू शेक देतेस ना नक्की?"

"शपथ घेऊ का?"

"मग गार कसं?"

"तुझ्या यंत्राला विचार."

खुलासा शेजाऱ्यांच्या बाजूने झाला. त्या शनिवारनंतर त्यांना वाटलं होतं की आमच्या घरात या देवावरून दुफळी झाली आहे आणि बर्फाचा वाटा कमी पडतोय. त्यामुळे पेट्रोल पंपावर गेले की ते बर्फाची एक पिशवी आणायचे आणि आपल्या बाजूने, कुंपणाच्या बुडाशी, आदराने ठेवून द्यायचे. कुंपणाची फळी खाली मातीला टेकत नाही. वितळलेलं सगळं पाणी त्यांच्याकडच्या उताराने सासूबाईंच्या झाडाच्या मुळाशी येत होतं. नवरा त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यांनी विचारलं, "पुरेसं आहे ना? का दोन पिशव्या ठेवू?"

नवऱ्याने थोडा विचार केला आणि आहे तेवढं पुरे म्हणून सांगितलं. आईला त्याने हे ऑक्टोबर उजाडला तरी सांगितलं नाही. मला लगेच सांगितलं आणि आईला बोलू नकोस म्हणाला.

सप्टेंबरात तिन्ही झाडांना पानं आली. ऑक्टोबरच्या मध्यावर कुंपणाकडच्या झाडावर कळी दिसली. बाकी दोन्हींवर काही नव्हतं. सासूबाईंनी निगडीला फोन करून ही बातमी दिली. फोन ठेवल्यावर नवऱ्याने त्यांना शेजाऱ्यांच्या बर्फाबद्दल सांगितलं.

"म्हणजे माझ्या शेकामुळे नाही असं तुला म्हणायचंय."

"बर्फामुळे, आई. तुझं झाड सगळ्यांत गार होतं."

"मग तुझ्यावर का नाही आली? तुझ्यावर तर रोजचा बादलीभर होता."

नवरा थर्मामीटरचे आकडे पुन्हा काढून बसला. माझ्या माहितीप्रमाणे कारण त्याला आजही सापडलेलं नाही.

कळी सुपारीएवढी झाली, लिंबाएवढी झाली आणि थांबली. तिच्यावर मुंग्या आल्या. पिओनीच्या कळीवर मुंग्या येतातच, त्याने अपाय होत नाही. सासूबाईंनी तरी भोवती हळदीचं रिंगण घातलं. मुंग्या रिंगण ओलांडून येत राहिल्या. नवरा सकाळी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर कळीसमोर उकिडवा बसायचा. एका संध्याकाळी तो उठेचना, म्हणून मी बाहेर गेले. तो म्हणाला, "मी सहा वर्षांत तीन नोकऱ्या बदलल्या. हिने जागा बदलली नाही." मग गुडघे झाडून उठला.

ऑक्टोबरचा शेवटचा दिवस संपला तेव्हा कळी बंद होती.

"कळी म्हणजे फूलच," नवरा म्हणाला.

"करारात फूल म्हटलं होतं," मी म्हटलं.

"अगं, पोटातलं मूल म्हणजे मूल नाही का?" सासूबाईंनी विचारलं.

"जन्मनोंद बाहेर आल्यावरच होते ना, आई? तुम्हीच लिहायचात."

काँक्रीटवाल्याची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची होती. ती पुढे ढकलायची तर नंतरची तारीख फेब्रुवारीतली होती. नवऱ्याने ढकल म्हटलं. मी नाही म्हटलं.

सकाळी काँक्रीटवाला आणि त्याचा जोडीदार आले, तेव्हा सासूबाई कळीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या होत्या. अंगावर गोधडी होती. नवऱ्याने सुट्टी घेतली होती आणि तो त्यांच्या मागे उभा होता. जोडीदाराने फळ्यांची चौकट ठोकायला सुरुवात केली. तीन बाजू झाल्या. चौथी बाजू खुर्चीच्या जागेवरून जात होती.

"हिला सांग, मी उठणार नाही," सासूबाई मला म्हणाल्या. 'हिला' म्हणजे कोणाला ते मला कळलं नाही. तिथे दुसरी बाई नव्हती.

"आई, ट्रक आलाय."

"येऊ दे. असल्या वेळी पेशंटला हलवत नाहीत. नवा डॉक्टरसुद्धा हलवत नाही."

काँक्रीटचा ट्रक दारात येऊन उभा होता आणि त्याचा ड्रम फिरत होता. काँक्रीटवाल्याने मला विचारलं की आजी काय म्हणतायत. मी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. त्याने कळीकडे पाहिलं, हळदीच्या रिंगणाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. कुंपणावरून शेजारी डोकावले आणि हलक्या आवाजात त्याला म्हणाले, "हे त्यांच्यासाठी फार पवित्र आहे, मेट."

काँक्रीटवाला म्हणाला की ट्रक थांबत नाही, माल कुठेतरी ओतावाच लागेल. कुठे ओतायचा ते मी एका मिनिटात सांगावं.

मी चौकट पश्चिमेकडे, घराच्या बाजूला, सरकवायला सांगितलं.

"नो वरीज," तो म्हणाला. जोडीदाराने खुंट्या उपटल्या आणि चौकट कुंपणापासून मीटरभर सरकवून पुन्हा ठोकली. त्यामुळे तिन्ही झाडं बाहेर राहिली आणि चौकट घराच्या भिंतीला जवळजवळ टेकली. स्लॅब दुपारच्या आत ओतून झाला. सासूबाई तोपर्यंत खुर्चीवर होत्या.

फूल त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. रंग पांढरा, मध्ये पिवळे केसर, पाकळ्यांचा एकच पदर. नवरा बराच वेळ त्याच्यासमोर बसला आणि त्या दिवशी उशिरा कामाला गेला. सासूबाईंनी चष्मा लावून फूल पाहिलं आणि विचारलं, "एकेरीच असतं का हे?" तरी त्याचा फोटो काढून निगडीच्या सगळ्या सिस्टरना पाठवला. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी फुलासमोर हात जोडले. सासूबाईंनीही मग जोडले.

पाच दिवसांनी उत्तरेच्या वाळवंटाकडून गरम वारा सुटला आणि पाकळ्या गळाल्या. सासूबाई नोव्हेंबरअखेर परत गेल्या. गोधडी ठेवून गेल्या.

शेड डिसेंबरात त्या स्लॅबवर उभी राहिली. उभी करताना गवत कापायचं यंत्र स्लॅबवरच ठेवलेलं होतं, ते आत राहिलं. शेडचं दार घराच्या भिंतीकडे उघडतं, पण भिंत जवळ असल्यामुळे अर्धंच उघडतं. यंत्र त्यातून बाहेर येत नाही. बॅकयार्डमधलं गवत सध्या शेजारी कापतात.